चोपन्न मिलिमीटरचा मावळा

मंडळी, दिवाळीत बेळगाव, खानापूर, निपाणीच्या गल्ल्यांतून मुले किल्ले बांधतात. राजहंसगडाचा तट प्रत्यक्ष पाहून येऊन तो हुबेहूब रचणारी मुले आपल्याकडे आहेत. मात्र त्या तटावर जी मातीची चित्रे मांडली जातात, त्यांतला मावळा कोणत्याही शतकातला आणि कोणत्याही मुलखातला असू शकतो. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की ऐतिहासिक लघुमूर्ती घडवणाऱ्याने हा माणूस कोण, कुठला आणि कोणत्या सालचा, हे आधी ठरवावे आणि मगच पुट्टीला, म्हणजे मूर्ती घडवायच्या लगद्याला, हात लावावा.

सतराव्या शतकातील सैनिकासाठी साधने थोडी आहेत, पण आहेत. मीर मुहम्मदाने १६८६ पूर्वी इटालियन प्रवासी मनुचीसाठी काढलेले, आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेले शिवरायांचे अश्वारूढ चित्र पाहताना आपली नजर महाराजांवरच खिळते. मूर्तिकाराने मात्र सोबतच्या पायदळाकडेही पाहावे, कारण शस्त्र कसे धरले आहे आणि वस्त्र कुठवर येते, हे तिथे दिसते. बेलवडीच्या राणी मल्लम्मेने कोरवून घेतले अशी परंपरा सांगते ते यादवाडचे शिवरायांचे शिल्प तर आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातच आहे. दगड रंग सांगत नाही, पण घोड्यावरची बैठक सांगतो. अलीकडच्या काळातला विषय हवा असेल, तर मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्याच बेळगावात आहे. नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत गाजवलेल्या आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणाऱ्या पराक्रमाचा विषय घेतला, तर हाती टॉमी गन, म्हणजे हातात धरून चालवायची छोटी मशीनगन, हवी, आणि महिना उन्हाळ्याचा असल्यामुळे गणवेशाच्या कापडाचाही शोध घ्यावा लागेल.

आता मापाविषयी. चोपन्न मिलिमीटरची मूर्ती म्हणजे सुमारे १७३ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा बत्तिसावा भाग. डोके सुमारे सात मिलिमीटरचे. तीन मिलिमीटर जाडीचे पाते इथे जेमतेम ०.१ मिलिमीटर भरते, म्हणून तलवार पुट्टीची न करता पातळ पत्र्याची कापावी. आधी तारेचा सांगाडा वाकवून घ्यावा आणि शरीराचा भार कोणत्या पायावर आहे ते तिथेच निश्चित करावे, कारण सांगाड्यात चुकलेली उभी राहण्याची ढब पुढे कितीही नक्षी केली तरी सुधारत नाही. त्यावर एपॉक्सी पुट्टीने (दोन भाग एकत्र मळल्यावर कडक होणाऱ्या पुट्टीने) प्रथम उघडे शरीर घडवावे, ते पूर्ण कडक झाल्यावर अंगरखा चढवावा. चुण्या खांदा, कोपर आणि कंबर या ताणाच्या जागांतून निघतात.

रंगकामात एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. एवढ्या लहान वस्तूवरच्या चुण्या इतक्या उथळ असतात, की खोलीतला उजेड त्यांत पुरेशी सावली पाडत नाही. ती सावली रंगाऱ्याला स्वतः रंगवावी लागते. प्रकाश वरून येतो असे धरून पातळ अ‍ॅक्रिलिक रंगाचे थरावर थर द्यावेत, खळगे गडद आणि उंचवटे फिके ठेवावेत. निव्वळ काळा आणि निव्वळ पांढरा टाळावा. त्वचेसाठी बाटलीतला तयार गुलाबी रंग आपल्या माणसांना मुळीच चालत नाही. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळून सुरुवात करावी, आणि गाल, नाक, खालचा ओठ यांवर किंचित तांबूस छटा द्यावी.