सीट खाली का उतरते?

नमस्कार मंडळी. समोर सायकलवारी करून पंढरपूर गाठलेले बरेच चेहरे दिसताहेत, त्यामुळे प्राथमिक गोष्टींत वेळ घालवत नाही. पत्रिकेवर विषय छापलाय ‘सायकलची देखभाल’. त्यातलं मी एकच धरणार आहे, सीट. घट्ट केलेली सीट चार दिवसांत पुन्हा खाली का येते, डावीउजवीकडे का फिरते, तिचं पुढचं टोक वर का जातं. माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो. हा प्रश्न जोराचा नाही. तेल कुठं लावायचं आणि कुठं अजिबात लावायचं नाही, याचा आहे.

मध्यंतरी एका गावी शाळेतल्या सायकली बघायला गेलो होतो. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, हे तुम्हाला माहीत आहे. फार चांगली योजना आहे. घरापासून शाळा लांब म्हणून आठवीनंतर घरी बसणाऱ्या मुली त्या सायकलीमुळे शाळेत येतात. तिथं एक मुलगी म्हणाली, “काका, दुकानातून घट्ट करून आणली की शाळेत येईपर्यंत टिकते. घरी जाताना परत खाली.” मी म्हटलं, मग काय करतेस? म्हणाली, “खालीच ठेवते. पण गुडघे दुखतात.”

गुडघे दुखणारच. सीट खाली गेली की पेडल मारताना गुडघा नको तितका वाकतो आणि वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. आणि घरचे काय म्हणतात? “खाली आहे तेच बरं, पाय जमिनीला टेकतात.” अहो, पाय टेकायला खाली उतरायचं असतं, सीटवर बसून नाही! (हसू नका, तुमच्या सोसायटीतली सगळी मुलं अशीच चालवतात. संध्याकाळी खाली जाऊन बघा.)

मी ती सीट खोलली. सीटखालच्या, फ्रेममध्ये जाणाऱ्या नळीवर ग्रीस, सीट त्या नळीला धरणाऱ्या क्लिपच्या दात्यांवर ग्रीस, आणि बोल्टचे आटे गंजून लाल. म्हणजे जिथं कोरडं हवं तिथं ग्रीस आणि जिथं तेल हवं तिथं गंज. वर पान्याला पाईप लावून पिळलेलं, त्यामुळं नटाचे कोपरे गोल झालेले. क्लिप ही किरकोळ किमतीची वस्तू आहे. ती बदलायचं कुणी सांगितलं नाही, दर वेळी “घट्ट करून देतो” एवढंच. याचा मला खरोखर राग येतो. त्या मुलीची सायकल हे तिच्या शिक्षणाचं वाहन आहे.

आता पिळण्याबद्दल. बोल्टवर आपण जो जोर लावतो त्यातला साधारण दहावा हिस्साच पकड आवळायला कामी येतो. बाकीचा नटाच्या तोंडाखाली आणि आट्यांत घासण्यात जातो. आटे गंजलेले असले तर पाना जड लागतो, आपल्याला वाटतं घट्ट झालं, आणि आत पकड ढिलीच. म्हणून तेलाचे दोन थेंब आट्यांना. दाते मात्र रॉकेलनं धुऊन, पुसून कोरडे करायचे.

त्या दात्यांवर भार किती येतो बघा. ७० किलोचा माणूस क्लिपच्या १० सेंटिमीटर मागं बसला की जवळपास ७० न्यूटन-मीटरचं वळण सीटला मागं पाडू बघतं. गतिरोधकावर त्याहून जास्त. झिजलेले दाते हे कसं पेलणार?

जुन्या इंग्लिश घडणीच्या काळ्या सायकली, आपल्याकडं ॲटलस, हिंदनं बनवल्या तसल्या, त्यांच्या सीटखाली जाड स्प्रिंगा असायच्या. धक्का स्प्रिंगेत जिरायचा, क्लिपपर्यंत कमी पोचायचा. त्या सीटवर एक स्वतंत्र व्याख्यान होईल... बरं, चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मुख्य भाग राहिलाय, भराभर सांगतो.

आधी नेमकं कुठं सरकतं ते शोधा. नळी फ्रेममध्ये जाते तिथं चिकटपट्टी लावून एक फेरी मारा. पट्टी आत गेली तर दोष तिथला. पट्टी जागेवर आणि टोक वरखाली झालं तर दोष क्लिपच्या दात्यांचा. सीट पुढंमागं सरकली तर तिच्या खालच्या सळया नीट धरलेल्या नाहीत.

नळी उतरत असेल तर बोल्ट सैल करून ती बाहेर काढा आणि पुसा. नळी जिथं आत जाते तिथल्या फ्रेमच्या चिरेचे दोन कान आवळल्यावर एकमेकांना टेकत असतील, तर कितीही पिळा, उपयोग शून्य, नळी बारीक आहे. २७.२ मिलिमीटरच्या जागी २७ ची घातलेली असते. योग्य मापाची आणा. अडलंच तर थंड पेयाच्या डब्याचा पत्रा, जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर, गुंडाळून घाला. लोखंडी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची नळी असेल तर ती अडकून बसू नये म्हणून ग्रीसचा अगदी पातळ हात चालतो. नळी किंवा फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीस नको, त्याची खरखरीत पेस्ट मिळते. तिथं टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना, वापरा, नळीवर किंवा क्लॅम्पवर छापलेल्या आकड्यापुढं जाऊ नका.

क्लिपचे दाते एकमेकांत पूर्ण बसल्यावरच आवळा, दोन्ही बाजूचे नट आलटून पालटून थोडे थोडे. अर्धवट बसलेले दाते आवळले की चुरडतात. दाते सपाट झाले असतील तर क्लिप फेकून द्या.

उंची अशी ठरवा. टाच पेडलवर, पेडल सगळ्यात खाली, पाय सरळ. नळीवरची कमाल उंचीची खूण फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे, नाहीतर नळी वाकते किंवा फ्रेम चिरते. मागं दोन सायकली आणि पाने ठेवलेत. ज्यांना हातानं करून बघायचंय त्यांनी चहा नंतर घ्या, आधी तिकडं या.