पुन्हा १-१ पासून

(काळा पडदा. जुन्या टीव्हीचं बटण दाबल्याचा आवाज, मग मुंग्यांची खरखर. हळूहळू निळं आभाळ उमटतं.)

फक्त उजवीकडचं बटण दाबून ठेवा. बाकी काही करू नका.

लाल टोपीवाला एक बुटका माणूस चालायला लागतो. वर प्रश्नचिन्ह असलेला एक चौकोन लुकलुकतोय. समोरून तपकिरी रंगाचं, भुवया आवळलेलं एक ध्यान दुडुदुडु येतं. दोघांची टक्कर होते. आपला माणूस वर उडतो आणि थेट पडद्याखाली जातो. पाच-सहा सेकंदांत एक लाईफ गेली.

१९९४ च्या मे महिन्यात, सांगलीला मावशीच्या घरी, माझी पहिली लाईफ अशीच गेली. दुसरीही तशीच गेली. तिसऱ्या वेळी मी उडी मारली. शेजारी बसलेला मावसभाऊ म्हणाला, "हां, आता कळलं बघ तुला." काय कळलं, ते मला सांगता आलं नसतं. अंगठ्याला कळलं होतं.

(शीर्षक. नाणं मिळाल्याचा 'टिंग' आवाज.)

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ ला बाजारात आला. क्योटोच्या निन्टेंडो कंपनीचा. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला, कोजी कोंडो यांनी त्याला संगीत दिलं. जगभरात त्याच्या ४ कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. आपल्याकडे मात्र तो बहुतेक घरांत नकली यंत्रांतून आला. करडा-पांढरा डबा, वायरीचे दोन रिमोट, आणि वर खुपसायची कॅसेट. आमची पिवळी होती. तिच्यावर लिहिलेलं असायचं, '९९९९९९ इन १'. लाखो खेळांच्या त्या यादीत खरे खेळ मोजकेच, तेच फिरून फिरून वेगळ्या नावांनी. आम्हाला त्याची कधी खंत वाटली नाही, कारण आम्ही यादी खाली सरकवतच नव्हतो. मारिओ पहिल्या पानावर होता.

महिनाभर आम्ही चौघं भावंडं रोज तोच खेळ खेळलो. तीच ती स्टेज, तेच ते पाईप. मावशी विचारायची, "काल संपला होता ना रे? मग आज परत काय?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तीस वर्षं लागली. ते उत्तर म्हणजे हा माहितीपट.

(आलेख-कागदावर पेन्सिलीनं आखलेले चौकोन. एकेक चौकोन रंगत जातो.)

आधी या खेळाचा आकार पाहा. सगळा मिळून ४० किलोबाइट. आज सकाळी फोनवर आलेला सुप्रभातचा फोटोही बहुधा याहून मोठा असेल. एवढ्याशा जागेत ८ दुनिया आणि प्रत्येकीत ४, म्हणजे ३२ स्टेज. १-१ म्हणजे पहिल्या दुनियेची पहिली स्टेज, ४-२ म्हणजे चौथीची दुसरी. काटकसर इतकी, की आभाळातले ढग आणि जमिनीवरची झुडपं ही एकच आकृती आहे. रंग तेवढा बदललाय. पहिला शत्रू, ते तपकिरी ध्यान, त्याचं नाव गूम्बा. तो सगळ्यात शेवटी तयार झाला, तेव्हा जागा जवळपास संपली होती. म्हणून त्याचं एकच चित्र काढलं आणि ते डावं-उजवं पलटत ठेवलं. आपल्याला वाटतं, तो चालतोय.

या स्टेज मियामोतो आणि तेझुका यांनी आधी कागदावर आखल्या, चौकोन मोजून. म्हणूनच कुठला खड्डा किती चौकोनांचा आणि कुठली वीट किती उंच, हे एकदा ठरलं ते कायमचं. पहिल्या स्टेजचा तो गूम्बा आजही त्याच जागी उभा आहे.

(पहिली स्टेज, अगदी संथ गतीत.)

पहिला पडदाभर जागा नीट बघा. इथे कुणी सूचना लिहिलेल्या नाहीत. गूम्बा येतो, त्याच्यामुळे उडी कळते. वरच्या चौकोनाला डोकं लागतं, नाणं निघतं, म्हणजे असे चौकोन फोडायचे हे कळतं. पुढच्या चौकोनातून मशरूम निघतं आणि उजवीकडे घरंगळत जातं. नवा खेळाडू त्याला घाबरतो, कारण आत्ताच तसंच दिसणाऱ्या एकानं त्याला मारलंय. पण मशरूम पाईपला आपटून परत येतं. घाबरून उडी मारली, तर डोक्यावर विटा आहेत. डोकं आपटतं, आपण मशरूमवरच पडतो आणि मोठे होतो. २०१५ साली मियामोतो यांनी एका मुलाखतीत ही सगळी मांडणी स्वतः उलगडून सांगितली होती. ती पाहिली तेव्हा मला सांगलीची ती दुपार आठवली. माझ्याशी तिथे कुणीतरी बोलत होतं आणि मला पत्ताही नव्हता.

त्याच स्टेजच्या शेवटाकडे दोन जिने समोरासमोर येतात. मध्ये साधी जमीन आहे, पडलात तरी काही होत नाही. लगेच पुढे तसेच आणखी दोन जिने, आणि आता मध्ये खड्डा. आधी सराव, मग परीक्षा. चुकलात तर मरता, पण का मेलो ते तिथल्या तिथे कळतं.

पुन्हा खेळावंसं वाटण्याचं मूळ मला इथे दिसतं. मेल्यावर माणूस लगेच परत का खेळतो? कारण आपली चूक त्याला स्पष्ट दिसलेली असते. "अरे, जरा उशिरा मारली उडी!" हे वाक्य तोंडातून निघतं, तेव्हा बोट आधीच स्टार्टच्या बटणावर असतं.

याच मापानं याच खेळातल्या ४-४ आणि ७-४ या स्टेज मला कमी पडलेल्या वाटतात. त्या भुलभुलैयाच्या आहेत. चुकीच्या वाटेनं गेलात, तर तोच भाग फिरून समोर येतो, आणि वाट चुकली याची कुठे खूण नाही. तिथे हाताला शिकण्यासारखं काही नसतं, नुसतं पाठ करायचं. पुढच्या वर्षी जपानमध्ये आलेल्या दुसऱ्या भागात तर विषारी मशरूम होती, उड्या भरकटवणारा वारा होता. अवघड असण्याला माझी हरकत नाही. पण मुलानं विश्वासानं खाल्लेलं मशरूम विषारी निघावं, हे मला पटत नाही.

(अंगठ्याचं जवळून चित्रण. बटणांवरचा रंग उडालेला.)

आता हाताकडे येऊ.

मारिओ चालतो आणि दुसरं बटण दाबून धरलं तर पळतो. पळताना थांबायला गेलात, तर घसरतो. उडीचं बटण नुसतं टेकवलं तर छोटी उडी, दाबून धरलं तर मोठी. पळत येऊन मारलेली उडी उभ्यानं मारलेल्या उडीपेक्षा उंच जाते. हवेत असतानाही त्याला थोडं मागेपुढे वळवता येतं. हे सगळं दोन अंगठ्यांत मिसळतं, आणि त्यामुळे कुठलीही उडी शंभर तऱ्हांनी मारता येते. पहिल्या दिवशी मी प्रत्येक खड्ड्याशी थांबायचो, मागे यायचो, धाव घ्यायचो. पंधराव्या दिवशी न थांबता जात होतो. खड्डा तोच होता. गाणाऱ्याच्या घरी रोज पहाटे तोच यमन ऐकू येतो, तेव्हा "हा कालच झाला ना" असं कुणी म्हणत नाही. मावशीला तेव्हा हे सुचलं असतं तर बरं झालं असतं.

आणि एक गोष्ट आजच्या मुलांना सांगितली तर खरी वाटत नाही. हा खेळ काहीच साठवून ठेवत नव्हता. कितीही पुढे जा, यंत्र बंद केलं की सगळं पुसलं. भर दुपारी आठव्या दुनियेत लाईट गेली, की चौघं एका सुरात ओरडायचो आणि मग गच्चीवर जाऊन बसायचो. संध्याकाळी लाईट आली की पुन्हा १-१ पासून.

पण पुन्हा १-१ पासून निघायचो, तेव्हा आम्ही सकाळचे राहिलेले नसायचो. सकाळी अर्धा तास खाणारी वाट आता दहा मिनिटांत सरायची. कॅसेटमध्ये जे उरत नव्हतं ते आमच्यात उरत होतं. खेळ पुढून सुरू करायची सोय असती, तर पहिली स्टेज मी एकदाच खेळलो असतो.

(१-२ ची जमिनीखालची स्टेज. मारिओ छतावरून, धावफलकामागून पळतो.)

मग गुपितं. १-२ मध्ये छतावर चढून शेवटपर्यंत पळत गेलं, की तीन पाईप मिळतात: दुसरी, तिसरी आणि चौथी दुनिया. ४-२ मध्ये एका विटेतून वेल निघते. तिच्यावर चढून गेलं की थेट आठव्या दुनियेची वाट. ३-१ मध्ये जिन्यावर कासवाच्या पाठीवर नेमक्या जागी उड्या मारत राहिलं, की लाईफच लाईफ. शेवटच्या झेंड्याशी घड्याळाचा शेवटचा आकडा १, ३ किंवा ६ असेल, तर तितके फटाके उडतात.

यातलं एकही आम्ही कुठे वाचलं नव्हतं. हे कानावर यायचं. गल्लीतला एक मुलगा मिरजेहून काहीतरी ऐकून यायचा, आणि ते खरं की थाप हे पाहायला आम्हाला अख्खा खेळ परत खेळावा लागायचा. थापाही पुष्कळ. मारिओ जिला सोडवायला निघालेला असतो ती राजकन्या, आमच्या भाषेत 'राणी'. झेंड्यावरून उडी मारून पलीकडे गेलं की राणी लवकर भेटते, या एका अफवेवर आमचे तीन दिवस गेले. मला ते तीन दिवस सगळ्यात जास्त आठवतात.

आणि राणी! प्रत्येक चौथ्या स्टेजला किल्ला जिंकायचा, आणि आत मशरूमच्या डोक्याचा सेवक म्हणणार, राणी दुसऱ्या किल्ल्यात आहे. असं सात वेळा. आठव्या किल्ल्यात ती खरोखर भेटते, आणि भेटून काय सांगते? नवी मोहीम घे. पुन्हा पहिल्यापासून खेळा, तर गूम्बांच्या जागी आगीलाही दाद न देणारी कडक पाठीची कासवं आलेली असतात. बनवणाऱ्यांनीच परतीची वाट आखून ठेवली होती.

(पडद्याच्या कोपऱ्यात धावणारं घड्याळ. मारिओ एकदाही न थांबता पळतोय.)

ही वाट काही लोकांनी कुठवर नेली, ते आता पाहा. खेळ कमीत कमी वेळात संपवणाऱ्यांना स्पीडरनर म्हणतात. आडवाटा वापरून ते ३२ पैकी ८ स्टेजच खेळतात: १-१, १-२, ४-१, ४-२ आणि आठव्या दुनियेच्या चारही. हा पल्ला पाच मिनिटांच्या आत संपतो. २०२१ साली निफ्टस्की या नावानं खेळणाऱ्या धावपटूनं तो प्रथमच ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत आणला. संगणकाच्या मदतीनं एकेक क्षण जुळवून केलेली आदर्श धाव आणि माणसाच्या हातची ती धाव, यांतला फरक एका सेकंदाहूनही कमी.

आणि इथे वेळेची बचत क्षणाक्षणानं होत नाही. हा खेळ सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवतो, आणि पुढची स्टेज सुरू करायची का, हे दर २१ चित्रांनी एकदाच तपासतो. म्हणजे साधारण ०.३५ सेकंदानं. धावपटू याला बसची उपमा देतात. बस ठरल्या वेळेलाच सुटते. तुम्ही स्टँडवर आधी पोचलात तरी थांबायचं, जरा चुकलात तर पुढची गाडी. त्यामुळे एका स्टेजमध्ये ०.३५ सेकंदाची एक 'बस' आधी गाठण्यासाठी माणसं महिनोन्महिने तीच स्टेज खेळतात. फक्त ८-४ ला ही बस नाही. तिथे पुढे जायला स्टेजच नाही, म्हणून तिथला एकेक क्षण मोजला जातो.

हे वेड आहे का? मला ते नित्य आखाड्यात उतरणाऱ्याचं काम वाटतं. त्यांच्यामुळे ४० किलोबाइटच्या कॅसेटमध्ये अजून काय दडलंय ते कळत राहिलं. आणि त्यांनाही जे हातात धरता येत नाही, ते म्हणजे ८-३ मधले हातोडे फेकणारे भाऊ. ते कधी उडी मारतील आणि कधी फेकतील, याचा भरवसा नसतो. चार मिनिटं बिनचूक पळालेला माणूस तिथे येऊन मरतो आणि परत १-१ पासून सुरू करतो.

(टेट्रिसचे पडते ठोकळे, क्षणभर.)

वारंवार खेळले जाणारे सगळेच खेळ असे ठरीव नसतात. मॉस्कोत १९८४ साली अलेक्सेई पाजित्नोव यांनी केलेल्या टेट्रिसमध्ये डाव दर वेळी नवा, कुठला ठोकळा येईल ते आधी ठाऊक नसतं. त्याच्या १९८९ च्या निन्टेंडो आवृत्तीला २०२३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या एका मुलानं इतकं पुढे नेलं, की १५७ व्या पातळीवर खेळच गोठला. मुलाच्या जन्माच्या कितीतरी आधीचा तो खेळ. पण तिथेही हेच दिसतं: नियम मूठभर, चूक आपली, आणि लगेच दुसरा डाव. मोठ्या कथांचे, शंभर तासांचे खेळ मी आवडीनं खेळलोय. ते संपले की मन भरून येतं, पण त्यांच्याकडे मी क्वचितच परत गेलो. परत जावं लागतं ते हाताला काहीतरी राहून गेलंय असं वाटतं तेव्हा.

(आजचं घर. सपाट टीव्ही. दादा, म्हणजे तोच मावसभाऊ, आता पन्नाशीकडे झुकलेला, शेजारी त्याची आठ वर्षांची मुलगी.)

मागच्या दिवाळीत मी सांगलीला गेलो. दादाकडे तो जुना डबा राहिलेला नाही. आम्ही नवीन यंत्रावर तोच खेळ लावला. दादानं वीसेक वर्षं रिमोट हातात धरला नव्हता. पहिल्या स्टेजमध्ये, पहिल्या खड्ड्याच्या जरा आधी, जिथे पडद्यावर काहीही दिसत नाही अशा रिकाम्या जागी, त्यानं उडी मारली. हवेतून एक चौकोन उमटला आणि हिरवं मशरूम निघालं. एक लाईफ जास्त.

मुलगी उठून उभीच राहिली. "बाबा, तिथे काहीच नव्हतं! तुम्हाला कसं कळलं?"

दादा स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला. त्यालाही ठाऊक नव्हतं. मग त्यानं खेळ थांबवला, पहिल्यापासून लावला आणि रिमोट तिच्या हातात दिला.

ती नुसतंच उजवीकडचं बटण दाबून चालत गेली. तपकिरी ध्यान आलं. टक्कर. लाईफ गेली.

"थांब, मी दाखवतो," दादा म्हणाला.

"नको," ती म्हणाली. टीव्हीवरून नजर न काढता. तिची दुसरी लाईफ सुरू झाली होती.

(पहिली स्टेज. निळं आभाळ. उडीचा आवाज. पडदा काळा.)