पंगतीतील रिकामे पान आणि एकट्याची गोल्फ सहल

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

बाहेरच्या फलकावर 'एकट्याने गोल्फची सहल कशी आखावी' असा विषय लिहिला आहे आणि त्याला जागून महिने, मुक्काम, सामान यांविषयी मी बोलणारच आहे. परंतु त्याआधी गेली काही वर्षे मनात घर करून बसलेली एक गोष्ट मला तुमच्यापुढे मांडायची आहे. या सभागृहात बहुतेक सगळे खेळणारे आहेत, त्यामुळे टी म्हणजे पहिला फटका मारायची जागा आणि हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कौशल्याचा आकडा, यापलीकडच्या तपशिलात मी वेळ घालवणार नाही. माझे म्हणणे असे की, एकट्याने येणाऱ्या खेळाडूला गोल्फच्या व्यवहारात अर्धे गिऱ्हाईक समजतात. वास्तविक पंगतीत एक पान रिकामे राहिले असता त्यावर बसून पंगत पुरी करणारा तो माणूस आहे. हे एकदा पटले की सहलीची सगळी आखणीच निराळी होते.

एकट्याविषयीची ही समजूत आजची नाही. जुन्या खेळाडूंना आठवत असेल, २००४ची सुधारित आवृत्ती येईपर्यंत गोल्फच्या नियमपुस्तिकेतील शिष्टाचाराच्या प्रकरणात स्पष्ट लिहिलेले असे की, एकट्या खेळाडूला मैदानावर काही दर्जा नाही आणि समोर कोणताही सामना चालू असेल तरी त्याने बाजूला होऊन वाट द्यावी. त्यानंतर कोणाला पुढे जाऊ द्यायचे हे गटाच्या वेगावर ठरू लागले. नियम गेला, पण सहली विकणाऱ्यांच्या छापील अर्जांत तो अजून शिल्लक आहे.

मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली. चाळिशी उलटल्यावर एका बदलीच्या गावी लष्करी छावणीच्या नऊ होलांच्या मैदानावर मी हा खेळ शिकले. आमच्या घरात दुसरे कोणी खेळत नाही. निवृत्तीनंतर स्कॉटलंडला जाऊन खेळायचे असे ठरवून २०१८च्या हिवाळ्यात मी एका प्रवासी कंपनीकडे गेले. त्यांच्या अर्जावर चार ओळी होत्या. पहिल्या ओळीत मी माझे नाव लिहिले, तेव्हा टेबलापलीकडच्या मुलीने अतिशय अदबीने विचारले, "आणि बरोबर कोण?" कोणी नाही म्हटल्यावर तिने आकडेमोड केली. जाहिरातीतला दर दोघांत एक खोली या हिशेबाचा होता, म्हणून खोलीचे जादा पैसे. गाडी चौघांची, तिचे जादा पैसे. आणि एवढे करूनही सेंट अँड्र्यूज गावच्या ओल्ड कोर्स या प्रसिद्ध मैदानावर खेळायला मिळेल याची हमी नाही, कारण तिथे जागा सोडतीने मिळतात आणि त्या सोडतीत किमान दोन नावे लागतात. मी मान्य केले आणि पैसे भरले. निघायला तीन आठवडे उरले असताना फोन आला की गट पुरा भरला नाही, म्हणून सहल रद्द. पैसे परत मिळाले, पण दोन महिन्यांनी आणि सात पत्रांनंतर.

खोलीचे जादा पैसे का लागतात, हे मला समजते. हॉटेल खोली विकते, माणूस विकत नाही, आणि चादरी धुण्याचा खर्च एकाला काय नि दोघांना काय, सारखाच. माझी तक्रार पैशांची नाहीच. एका प्रौढ, हात-पाय धड असलेल्या, अठरा होल चालून खेळणाऱ्या व्यक्तीला 'गट भरला नाही' या कारणाने घरी बसवण्याचा अधिकार कोणालाही नसावा, असे मला मनापासून वाटते. त्या फोननंतर मी तिकीट स्वतः काढले, व्हिसाचा अर्ज स्वतः भरला आणि मे २०१९च्या शेवटच्या आठवड्यात फाइफ परगण्यातील सेंट अँड्र्यूजला पोहोचले.

आता या गावाविषयी थोडे सांगितलेच पाहिजे, कारण एकट्याने जायचे तर नेमके याच गावी का, याचे उत्तर त्यात आहे. ओल्ड कोर्सच्या पहिल्या टीमागे रॉयल अँड एन्शंट क्लबची दगडी इमारत उभी आहे. तिच्याकडे पाहून ते मैदान क्लबचे असावे असा पुष्कळांचा समज होतो, परंतु ती जमीन सार्वजनिक आहे. आर्चबिशप हॅमिल्टन यांच्या १५५२च्या सनदेत गावकऱ्यांचा तिथे खेळण्याचा हक्क मान्य केलेला आहे आणि त्याच सनदेत ससे पाळण्याचाही उल्लेख आहे. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस, गावाची तिजोरी रिकामी झाल्यावर ती जमीन सशांच्या व्यापाऱ्यांकडे गेली. सशांनी मैदान उकरून काढले, वर्षानुवर्षे कज्जे चालले आणि १८२१ साली गोल्फचा चाहता असलेल्या एका जमीनदाराने ती विकत घेतल्यावर खेळ वाचला. पाटबंधारे खात्यात गायरानांचे तंटे पाहिलेल्या मला ही हकीकत फार जवळची वाटते. १९७४ साली ब्रिटिश संसदेच्या कायद्याने स्थापन झालेला विश्वस्त न्यास आज तिथली सातही मैदाने चालवतो. मैदान गावाचे असल्यामुळे पाहुण्याला तिथे दार उघडे आहे, एकट्यालासुद्धा.

हे दार मी पहिल्यांदा पाहिले ते पहाटे तीन वाजता. त्या काळी एकट्या खेळाडूंची नावे ज्या त्या दिवशी ओल्ड पॅव्हिलियन या छोट्या इमारतीत घेत असत. खिडकी सकाळी सहाला उघडे आणि रांग रात्रीच लागे. वेस्ट सँड्सच्या वाळूवरून येणारा वारा मे महिन्यातही हाडांत शिरत होता. घरमालकीणबाईंनी दिलेला चहाचा थर्मास, कानटोपी आणि दोन स्वेटर एवढ्या तयारीनिशी मी गेले, तेव्हा माझ्यापुढे चार जण होते. त्यांतला एक जण आपली गोल्फची पिशवी आडवी टाकून तिच्यावर डोके ठेवून झोपला होता. साडेचारच्या सुमारास आकाश उजळले आणि समोरचा फेअरवे, म्हणजे टीपासून होलकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा, दिसू लागला. तो इतका सपाट आणि मोकळा होता की, ज्यासाठी जग इतके वेडे होते ते हेच का, अशी शंका यावी. सहाला खिडकी उघडली, खेळाडूंना क्रमाने मैदानावर सोडणाऱ्या स्टार्टरने नाव आणि हँडिकॅपचा दाखला पाहिला आणि दुपारी दोननंतर जवळपास राहा, असे सांगितले.

तीन वाजून गेल्यावर त्याने मला हाक मारली. सोडतीत नाव लागलेले एक कुटुंब तिघांचेच आले होते: अबर्डीनकडचे एक निवृत्त पोस्टमन, त्यांची मुलगी आणि जावई. चौथी जागा मोकळी होती आणि ती माझी झाली. पुढचे चार तास मी त्या घरातली होते. पाचव्या होलवर आम्ही ग्रीनजवळ, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीजवळ, आलो तेव्हा एकाच अफाट हिरवळीवर दोन झेंडे फडकत होते. पोस्टमनकाकांनी सांगितले की जाताना पांढरा झेंडा आपला, परतताना लाल; या मैदानावर सात ग्रीन अशा जोडीच्या आहेत आणि कोणत्याही जोडीचे आकडे मिळवले तर बेरीज १८ येते. पाच आणि तेरा, सहा आणि बारा, सात आणि अकरा. हातातल्या पटर नावाच्या काठीने गवतावर अंक गिरवत त्यांनी ही बेरीज करून दाखवली, तेव्हा मैदान माझ्या डोक्यात नकाशासारखे उलगडले. सतराव्या टीवरून फेअरवे दिसतच नाही. समोर हॉटेलच्या आवारातील काळपट शेड येतात. तिथे पूर्वी रेल्वेच्या शेड होत्या, रेल्वे १९६९ साली बंद झाली आणि त्याच घडणीच्या शेड आता उभ्या आहेत. काका माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि भिंतीवर लिहिलेल्या हॉटेलच्या नावातील एका अक्षराकडे बोट करून म्हणाले, त्या अक्षरावरून मार, मनात काही आणू नकोस. मी मारले आणि चेंडू पलीकडे गवतात सुखरूप सापडला. चौघे मित्र मिळून गेले असते तर ते आपसांत बोलत राहिले असते, आणि हे अक्षर त्यांना कोणी दाखवले नसते.

रात्रीची ती रांग आता बंद झाली आहे. मार्च २०२४पासून एकट्यांसाठी रोजची स्वतंत्र सोडत सुरू झाली. आदल्या दिवशी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात गावात प्रत्यक्ष हजर राहून नाव नोंदवायचे, संध्याकाळी सोडत निघते आणि नाव लागले तर फोनवर निरोप येतो. म्हाडाच्या सोडतीत नाव घातलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. फरक इतकाच की इथे रोज नव्याने नाव घालता येते. २०२४च्या जुलैमध्ये मी दुसऱ्यांदा गेले. दोन दिवस नाव लागले नाही, तिसऱ्या दिवशी लागले. दोघा-चौघांच्या गटांची सोडत वेगळी असते आणि ती खेळाच्या दोन दिवस आधी निघते. म्हणजे ज्या एकटेपणासाठी मला कंपनीने सहलीतून वगळले होते, त्या एकटेपणासाठी या गावात स्वतंत्र खिडकी आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटे उरली आहेत, आणि फलकावरचा विषय अजून बाकी आहे. त्यामुळे आता भराभर सांगते.

दहा दिवसांत पाच गावे करू नका, एकच गाव धरा. तीन दिवसांचे खेळ आधी पक्के करा, सेंट अँड्र्यूजच्याच न्यू कोर्स, ज्युबिली किंवा ईडन या मैदानांवर. न्यू कोर्स १८९५चे आहे आणि शुल्क ओल्ड कोर्सच्या निम्म्याहून कमी. ओल्ड कोर्सला २०२४च्या हंगामात ३२० पौंड पडत, ते बाजूला काढून ठेवा. बाकीचे दिवस मुद्दाम कोरे ठेवा, कारण कोणत्या दिवशी कुठे पान रिकामे असेल हे आधी कोणालाच ठाऊक नसते आणि एकट्याचे सगळे बळ त्या कोऱ्या दिवसांत आहे. महिना मे किंवा सप्टेंबर धरावा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण गर्दीही तितकीच.

मे-सप्टेंबर जमत नसेल आणि मधल्या महिन्यांत, तिथल्या उन्हाळी सुट्टीत जाणार असाल, तर मुक्कामासाठी तिथल्या विद्यापीठाच्या वसतिगृहातील खोल्या पाहाव्यात. त्या मुळात एका विद्यार्थ्यासाठी बांधलेल्या असल्यामुळे एकाच माणसाचे पैसे लागतात. मी दुसऱ्या वेळी तिथेच राहिले.

सामानाविषयी एकच मुद्दा, पण तो महत्त्वाचा. नियमाप्रमाणे चौदा क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या, नेता येतात. तुम्ही सात न्या. एकट्याने प्रवास करताना स्टेशनवर पिशवीकडे पाहायला दुसरे कोणी नसते, स्वच्छतागृहात जायचे तरी ती खांद्यावर घेऊनच जावे लागते. गावात रेल्वे नाही. लूकर्सला उतरून ९९ क्रमांकाची बस धरावी लागते. अर्धा संच असला की हे सगळे सहज जमते.

कोऱ्या दिवशी किनाऱ्याने जाणारी ९५ क्रमांकाची बस घ्या. क्रेलची गोल्फ सोसायटी १७८६ची आहे. त्यापुढे ईली. तिथे पहिल्याच टीसमोर टेकाड आहे, पलीकडचे काही दिसत नाही, म्हणून स्टार्टरच्या खोलीत एका पाणबुडीचा पेरिस्कोप बसवला आहे आणि त्यातून पाहून तो मारायला सांगतो. मी त्यातून पाहिले. दोन म्हातारे चेंडू शोधत होते, आणि ते दूर होईपर्यंत मी थांबले. अशा ठिकाणी खिडकीशी जाऊन "एकाची जागा आहे का?" एवढेच विचारावे. एसटीच्या कंडक्टरला आपण जन्मभर हेच विचारत आलो आहोत.

दुपारी काहीच नसेल तर ओल्ड कोर्सशेजारच्या हिमालयावर जा. हिमालय हे तिथल्या पटिंगच्या, म्हणजे चेंडू हलकेच ढकलत होलमध्ये घालायच्या, उंचसखल हिरवळीचे नाव. १८६७ साली स्थापन झालेल्या स्त्रियांच्या पटिंग क्लबचे ते मैदान आहे आणि मोजक्या पौंडांत कोणालाही खेळता येते. शेजारच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने स्त्रियांना सभासदत्व द्यायचे ठरवले ते २०१४ साली, हेही तिथे उभे असताना आठवावे.

हँडिकॅपचा दाखला छापून हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या सामानात नको. २०२० पासून हँडिकॅपची जागतिक पद्धत लागू झाल्याने आपल्याकडचा दाखला तिथे चालतो.

आणि मुक्कामात एक रविवार येईल असे बघा. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ नसतो, मोठी स्पर्धा असली तरच अपवाद. गावकरी कुत्री घेऊन फेअरवेवरून फिरतात, ग्रॅनी क्लार्क्स वाइंड नावाचा रस्ता पहिला आणि अठरावा फेअरवे कापून समुद्राकडे जातो, त्यावरून मुले सायकली नेतात. सोडत नाही, शुल्क नाही, स्टार्टर नाही. मी त्या दिवशी अठराव्या होलपासून उलटी चालत निघाले, स्विल्कन नाल्यावरच्या छोट्या दगडी पुलावर टेकले आणि डबा उघडला. एक आजोबा आपल्या कुत्र्यासह थांबले, कुठून आलात म्हणून विचारले, मी पुण्याहून म्हटले, आणि आम्ही दोघांनी मिळून माझ्याजवळची शेंगदाण्याची चिक्की संपवली.