सही दोघांची, जागरण चौघांचं

नमस्कार, श्रोतेहो.

मी लहान मुलांची डॉक्टर आहे. काही वर्षांपूर्वी एक बाई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. रात्री अकराला ताप किती होता, पहाटे उलटी किती वाजता झाली, लघवी शेवटची कधी झाली, सगळं न विचारता सांगत होत्या. श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखाली खळगे पडत होते, त्याचा व्हिडिओही त्यांनी मोबाइलवर काढून ठेवला होता. मी म्हटलं, "आईचं लक्ष अगदी बारीक आहे हं." त्यावर त्यांनी खुर्ची जराशी मागे सरकवली. "मी त्याची आई नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "त्याच्या बाबांशी माझं लग्न झालंय." एवढं सगळं सांगितलं म्हणजे आपलं काही चुकलंच, अशा आवाजात.

ती मागे सरकलेली खुर्ची मनातून जात नाही. आजचं बोलणं तिच्यामुळेच आहे.

घटस्फोट होतो, पुढे कोणी पुन्हा लग्न करतं, आणि मूल दोन घरांचं होतं. त्याचं दप्तर दोन्हीकडे फिरतं, आजारपणही फिरतं. मग प्रश्न येतात: लस कधी द्यायची, टॉन्सिलचं ऑपरेशन आत्ता करायचं की थांबायचं, आणि कागदावर सही कोणाची. सहीबद्दल थोडक्यात सांगते. मूल राहतं कुणाकडे ही एक गोष्ट आणि त्याच्याबद्दलचे मोठे निर्णय घेण्याचा अधिकार ही दुसरी. ताबा एकाकडे असला तरी निर्णयाचा अधिकार दोघांकडे असू शकतो. तेव्हा कोर्टाचा आदेश नीट वाचा, आणि त्याची प्रत उपचारांच्या फाइलमध्ये ठेवा. सावत्र आईला किंवा वडिलांना मात्र नुसत्या लग्नामुळे संमती देण्याचा अधिकार सहसा मिळत नाही. त्यासाठी दत्तकविधान, कोर्टाचा आदेश किंवा निदान पालकांनी लिहून दिलेलं अधिकारपत्र लागतं. इंग्लंडच्या 1989 च्या बाल कायद्यात एक चांगली तरतूद आहे. मूल ज्याच्या देखरेखीखाली आहे त्याला, पालकत्वाचा अधिकार नसला तरी, मुलाच्या भल्यासाठी त्या वेळी जे वाजवी असेल ते करता येतं. आणि जिवावर बेतलं असेल, तर डॉक्टर सहीसाठी उपचार अडवून ठेवत नाहीत. पालक सापडत नाहीत म्हणून मुलाला दवाखान्यात न्यायला उशीर करू नका.

पण खरं सांगू का, माझ्याकडे येणारी बहुतेक संकटं सहीची नसतात, माहितीची असतात.

साधं तापाचं औषध घ्या. पॅरासिटामॉल. मुलाला ते वजनावर देतात, एका वेळी दर किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, आणि दोन डोसांत निदान चार तास जाऊ द्यायचे. आता संध्याकाळी सहाला आईकडे डोस झाला, सातला बाबा न्यायला आले. दारातच दोघांचं काहीतरी बिनसलं आणि औषधाचं सांगायचं राहून गेलं. आठला दुसऱ्या घरी अंग गरम लागतं, बाटली उघडली जाते. तीही वेगळी. एका बाटलीत 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम औषध, दुसरीत तेवढ्यातच 250. चमचा तोच, डोस दुप्पट. वर सर्दीचं औषध दिलं, तर त्यातही पॅरासिटामॉल असू शकतं. असं दोन-तीन दिवस चाललं तर मुलाच्या यकृतावर बेतू शकतं. यात कुणाचीच माया कमी नव्हती. कमी होती ती एक ओळ: सहा वाजता दिलं, इतकं दिलं.

म्हणून मी दोन घरांच्या मुलांसाठी एक वही सांगते. मोबाइलवरचा निरोप चालतो, पण वही भांडत नाही, आणि मागची भांडणं तिच्यात वर दिसत नाहीत. तिच्यात मुलाचं वजन, कशाची ॲलर्जी आहे ते, चालू औषधं आणि लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स. रोजच्या ओळीत फक्त वेळ, औषध, मात्रा. टोमणा लिहायचा नाही. ही वही चौघांनी वाचायची आणि चौघांनी लिहायची.

काही उपचार तर दोन्ही घरांनी रोज मनावर घेतल्याशिवाय होतच नाहीत. आळशी डोळा घ्या. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून कमजोर डोळ्याला कामाला लावायचं, पुष्कळदा रोज दोन तास, तेही महिनोन्‌महिने. वय लहान असतं तेव्हा गुण चांगला येतो, उशीर होत जाईल तसा तो कठीण होत जातो. माझ्याकडची एक पाच वर्षांची मुलगी एका घरी पट्टी लावायची आणि दुसऱ्या घरी तिला सुट्टी असायची. "दोनच दिवस येते, तिला रडवायचं कसं?" बाबा म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. आठवड्यातून दोनच दिवस लेक भेटणाऱ्या माणसाला तिचं रडणं बघवत नाही, हे कळण्यासारखं आहे. पण डोळ्याला ते कळत नाही.

मतभेद खरेच असतील, तेव्हा माझी एकच विनंती असते: दोघांनी एकाच डॉक्टरसमोर एकाच वेळी बसा. एकत्र बसवत नसेल तर एकाने फोनवर ऐका. एकाने ऐकून दुसऱ्याला सांगितलं की डॉक्टरचा सल्ला घटस्फोटित जोडीदाराचा हुकूम होऊन पोहोचतो. विचारायचं ते असं: तीन महिने थांबलो तर काय बिघडेल? पुष्कळदा उत्तर येतं, काही बिघडणार नाही, आणि अर्धं भांडण तिथंच विरतं. कधी उत्तर येतं, थांबू नका. मग थांबू नये. तरीही पटत नसेल, तर दोघांना मान्य असलेल्या दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. कोर्ट शेवटी.

आणि मुलाला विचारा. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करारही 1989 चाच. त्याच्या बाराव्या कलमात म्हटलं आहे की स्वतःशी संबंधित बाबींत मुलाला आपलं मत मांडता आलं पाहिजे आणि वय व समज पाहून त्या मताला वजन दिलं पाहिजे. फक्त विचारताना "आईचं बरोबर की बाबांचं?" असं विचारू नका. "तुला कशाची भीती वाटते?" असं विचारा. एका मुलाने मला सांगितलं होतं, ऑपरेशनची नाही, ऑपरेशननंतर कुणाच्या घरी जायचं त्याची.

त्या पट्टीवाल्या मुलीच्या घरी वही सुरू झाली. पुढच्या तपासणीला ती माझ्या टेबलावर होती. दोन घरांची, तीन वेगवेगळी अक्षरं. एका शनिवारी सावत्र आईने लिहिलं होतं, "दीड तास लावली. रडली म्हणून काढली." खाली आईचं अक्षर होतं: "चित्र रंगवायला दिलं की रडत नाही. रंगपेटी दप्तरात ठेवली आहे."