संप, मोर्चा आणि आमचे अप्पा

नमस्कार श्रोतेहो. फ्रान्समध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या लोकांना संपाची फार धास्ती असते. पण इथला संप बहुतेक वेळा सांगून येतो. सरकारी आणि वाहतूक सेवांत कामगार संघटनांना पाच दिवस आधी नोटीस द्यावी लागते. त्यात 2007 च्या कायद्यानं रेल्वे-मेट्रोच्या चालकाला आपण संपावर जाणार हे 48 तास आधी कळवायला लावलं. त्यावरून कुठल्या गाड्या सुटणार ते ठरतं आणि आदल्या दिवशी संध्याकाळी जाहीर होतं. म्हणून आदल्या संध्याकाळी वेळापत्रक बघायचं. सकाळी स्टेशनवर जाऊन नाही, आदल्या संध्याकाळी.

पॅरिसच्या मेट्रोत 1, 4 आणि 14 या लाइनींना चालकच नाहीत. त्यामुळे संपातही त्या बहुधा चालू असतात, आणि सगळं शहर त्यांतच घुसतं. विरार लोकलची सवय असलेल्याला तिथं मुळीच अवघड जात नाही.

आता अप्पांचा किस्सा सांगते. अप्पा म्हणजे माझे सासरे. लालबागचे, गिरणी कामगार. 2023 च्या मार्चमध्ये ते आमच्याकडे आले, आणि तेव्हाच निवृत्तीचं वय 62 वरून 64 करण्याविरुद्ध सगळा देश रस्त्यावर उतरला होता. 7 मार्चला, मंगळवारी, आम्ही दोघं बसनं घरी येत होतो. बस मध्येच थांबली आणि चालकानं सगळ्यांना उतरवलं. पुढं मोर्चा. आमचं घर पॅरिसमधल्या प्लास दिताली या चौकाजवळ, आणि मोर्चाही तिकडंच निघालेला.

मी म्हटलं, "अप्पा, गल्लीतून जाऊ." अप्पा म्हणाले, "अगं, मोर्चा आपल्याच वाटेनं चाललाय ना? मग गल्लीतून कशाला?" आणि शिरले की आत! डोक्याला माकडटोपी, गळ्यात तुळशीची माळ, वर सेझेटे या संघटनेचा खोलीएवढा लाल फुगा. कडेला गाडीवर सॉसेज भाजत होते. एका कार्यकर्त्यानं प्रेमानं पाव पुढं केला, अप्पांनी माळ दाखवली. त्यानं सॉसेज काढलं, मोहरीची चटणी तेवढी ठेवली. अप्पांनी तो पाव मिटक्या मारत खाल्ला. (इथल्या कॅफेत चहा मागितला तर गरम पाणी आणि दोऱ्याला बांधलेली पुडी आणून ठेवतात. कुणी त्याविरुद्ध मोर्चा काढला तर मी पहिल्या रांगेत असेन.)

शेजारून एक शिक्षिका चालत होत्या. अप्पांचा पहिला प्रश्न, "पगार कापतात का विचार." मी विचारलं. त्या म्हणाल्या, कापतात, आणि सरकारी नोकरानं तासभर संप केला तरी पूर्ण दिवसाचा कापतात. अप्पांनी मान हलवली. मग विचारलं, "किती दिवस चालणार?" त्या म्हणाल्या, आमचा आजचा एक दिवस, मग पुढच्या आठवड्यात बघू. अप्पा म्हणाले, "त्यांना सांग, आमचा संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला. तो अजून कुणी रीतसर मागे घेतलेला नाही."

मी सांगितलं. बाईंना वाटलं माझं फ्रेंच चुकतंय. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मुंबई, कापडगिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार, पुढारी दत्ता सामंत. मग त्यांनी अप्पांना विचारलं, तुमच्याकडे निवृत्तीचं वय किती? अप्पा म्हणाले, "मला मालकानं तिशीतच रिटायर केलं." बाईंनी मागच्या चौघांना हाक मारून ते ऐकवलं. कुणीतरी अप्पांच्या स्वेटरवर संघटनेचा स्टिकर चिकटवला. घर आलं तरी अप्पा वळायला तयार नाहीत!

15 तारखेला पुन्हा मोर्चा होता. सकाळी बघते तर अप्पा टोपी घालून तयार. आणि 16 ला सरकारनं संविधानाचं कलम 49.3 वापरून, संसदेच्या खालच्या सभागृहात मतदान न घेताच निवृत्तीच्या वयाचं विधेयक रेटलं. तोवर सफाई कामगारांचाही संप चालू झाला होता. पॅरिसमधला कचरा साधारण दहा हजार टनांवर गेला. शहराच्या निम्म्या भागात पालिकेचे कामगार कचरा उचलतात आणि निम्म्यात खासगी कंपन्या, त्यामुळे इकडे ढीग आणि चार पावलांवर चकाचक, असंही दिसायचं. भारतातून मात्र व्हॉट्सअॅपवर एकच प्रश्न, "पॅरिस जळतंय का?" अहो, कोपऱ्यावरचा बेकरीवाला रोज उघडत होता. या फॉरवर्डवाल्यांना एकदा आमच्याकडे भांडी घासायला आणलं पाहिजे.

बोलता बोलता वेळ गेला, राहिलेलं भराभर सांगते. प्राथमिक शाळेतले पंचवीस टक्के किंवा त्याहून जास्त शिक्षक संपावर असतील तर मुलांना सांभाळायची जबाबदारी नगरपालिकेची, पण कँटीन बंद असू शकतं, तेव्हा डबा द्या. परदेशी नोकरदारालाही संपावर जायचा हक्क आहे. राहण्याच्या परवान्याचं कार्ड खिशात असू द्या. वेळापत्रक कधी बघायचं? आदल्या संध्याकाळी. आणि मोर्चात सापडलातच तर तोंडाशी जाऊ नका. काळे कपडे घालून, चेहरा झाकून दंगा करणारे तिथं असतात आणि पोलीसही तिथंच. मागं, संघटनांच्या फुग्यांजवळ चाला. सॉसेजचा धूर जिथं असतो, तिथं अश्रुधूर सहसा नसतो. नमस्कार.