हायड्रेंजियाचं फूल आदल्या वर्षीच ठरतं

[निळ्या गुच्छावर कॅमेरा सावकाश जवळ जातो]

हायड्रेंजियाचा हा गुच्छ जवळून बघा. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो, ती खरं तर निदलं आहेत. निदल म्हणजे कळी बंद असताना तिला बाहेरून झाकणारा भाग. बहुतेक फुलांत तो हिरवाच राहतो आणि कुणाच्या नजरेत भरत नाही. हायड्रेंजियात मात्र तोच रुंदावला, त्यालाच रंग चढला. खरं फूल आहे ते मधोमध, इवलंसं. पाकळ्या लवकर गळून जातात. निदलं चिवट असतात. म्हणूनच हा गुच्छ आठवडेच्या आठवडे झाडावर टिकतो. आधी हिरवट होतो आणि मग जागच्या जागी वाळतो.

गोल, गच्च गुच्छाच्या प्रकाराला मॉपहेड म्हणतात. दुसरा प्रकार लेसकॅप. त्यात गुच्छ चपटा असतो, मध्ये बारीक फुलांची दाटी आणि कडेनं मोठ्या निदलांची माळ. दुकानात आधी खपतो तो मॉपहेड. पण बागेत मधमाश्या हव्या असतील तर लेसकॅप लावा, कारण परागकण त्या मधल्या बारीक फुलांत असतात. मला स्वतःला लेसकॅप जास्त सुंदर वाटतो. त्यात फूल म्हणजे काय आणि देखावा म्हणजे काय, हे दोन्ही शेजारी शेजारी दिसतं.

[हिरवंगार झुडूप, एकही गुच्छ नाही]

झाड निरोगी आहे, पानं तजेलदार आहेत, पण फूल येत नाही. हायड्रेंजिया लावणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. मग खत बदललं जातं, जागा बदलली जाते. कारण मात्र बहुतेक वेळा कात्रीत असतं.

[फांदीचं टोक, पानाच्या बेचक्यातला फुगीर डोळा]

बागेत सर्वाधिक दिसणारी जात म्हणजे मॅक्रोफिला. मूळची जपानची. उन्हाळा ओसरला, दिवस लहान होऊ लागले, रात्री गार झाल्या की हे झाड पुढच्या हंगामाचा गुच्छ घडवायला घेतं. फांदीच्या टोकाशी, असा एक डोळा फुगतो आणि त्याच्या आत सगळा गुच्छ सूक्ष्म रूपात तयार होतो. पानं गळतात, थंडी येते, झाड वाळल्यासारखं दिसतं. हेच ते काटक्यांचं झुडूप कुणाला तरी अस्ताव्यस्त वाटतं आणि बाग नीटनेटकी करण्याच्या नादात सगळ्या फांद्या गुडघ्याइतक्या कापल्या जातात. वसंतात खालून जोमदार नवी फूट येते, पानंही भरपूर येतात. फुलं मात्र कापलेल्या टोकांबरोबर केव्हाच गेलेली असतात.

त्यामुळे मॅक्रोफिलाची छाटणी करायची असेल तर फुलं ओसरल्याबरोबर, नवे डोळे धरायच्या आधी. आणि खरं सांगायचं तर तिला छाटणी फारशी लागतच नाही. झुडूप जुनं आणि दाट झालं असेल तर वर्षाला सगळ्यात जुन्या, जाड झालेल्या फांद्यांपैकी साधारण एक तृतीयांश फांद्या जमिनीलगत काढा. बाकीच्यांची टोकं तशीच राहू द्या. वाळलेले गुच्छही थंडीभर झाडावर राहू द्यावेत, त्यांच्या आडोशानं खालचे डोळे हिमापासून थोडे वाचतात. हिमाचा धोका टळला की गुच्छ काढायचा आणि कात्री चालवायची ती पहिल्या फुगीर डोळ्यांच्या जोडीच्या अगदी वर. त्याखाली एक इंचही नाही.

पण हा नियम सगळ्या हायड्रेंजियांना लागू नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. सेराटा ही डोंगराळ भागातली नाजूक जात आणि ओकच्या पानांसारखी पानं असलेली क्वेर्सिफोलिया, या दोन्ही मॅक्रोफिलासारख्याच, जुन्या फांदीवर फुलणाऱ्या. याउलट शंकूच्या आकाराचे गुच्छ देणारी पॅनिक्युलाटा आणि मोठाले पांढरे गोल गुच्छ देणारी आर्बोरेसेन्स या नव्या फुटीवर फुलतात. थंडी सरता सरता त्या खुशाल छाटा. उलट छाटल्यावर फांद्या दणकट येतात आणि गुच्छ मोठे होतात. म्हणून आपल्याकडे कोणती जात आहे हे कळल्याशिवाय कात्री हातात घेऊ नये. नावाची पट्टी हरवली असेल तर एक वर्ष काहीही न कापता नुसतं पाहा. गुच्छ गेल्या वर्षीच्या फांदीतून येतोय की यंदाच वाढलेल्या कोवळ्या फुटीवर, हे झाडच दाखवतं.

आर्बोरेसेन्समधल्या सगळ्यात गाजलेल्या वाणाचं नाव ॲनाबेल. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ॲना नावाचं गाव आहे. १९१० साली त्याच्या आसपासच्या रानात हे झुडूप आढळलं आणि दशकानुदशकं बागांतून हातोहात फिरत राहिलं. रोपवाटिकांमधून ते विकलं जाऊ लागलं १९६०च्या दशकात. नंतर जुन्या आणि नव्या, दोन्ही फांद्यांवर फुलणारे मॅक्रोफिलाचे वाणही आले. त्यातला एंडलेस समर २००४ साली बाजारात आला. हिमात डोळे मेले तरी त्याला नव्या फुटीवर थोडी फुलं येतात. ज्यांच्याकडे वसंतात उशिरा हिम पडतं, त्यांच्यासाठी हा वाण मोठा आधार आहे.

[कुंडीतलं फुललेलं झाड, खिडकीपाशी]

डोळा तयार झाला म्हणजे काम संपलं असं नाही. मॅक्रोफिलाच्या डोळ्याला पुढे थंडीही हवी असते. व्यावसायिक उत्पादक कुंड्या साधारण सहा ते आठ आठवडे ५ ते ७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात आणि नंतर हरितगृहाच्या उबेत आणून हव्या त्या सुमाराला फुलवतात. भेट म्हणून मिळालेलं फुललेलं झाड पुढच्या वर्षी घरात फुलत नाही, याचं एक मोठं कारण हे आहे. त्याला हिवाळाच मिळालेला नसतो. असं झाड फुलं ओसरल्यावर बाहेर, अर्धवट सावलीत न्या, आणि थंडीच्या दिवसांत गारठा लागेल पण गोठणार नाही अशा जागी ठेवा. जिथे खरी थंडी पडतच नाही, तिथे मॅक्रोफिला पानांनी बहरते आणि फुलांच्या बाबतीत हात आखडता घेते. तो तुमच्या मशागतीचा दोष नव्हे.

[एकाच झुडपावर गुलाबी आणि निळे गुच्छ]

आता रंगाकडे येऊ. हायड्रेंजिया रंग बदलते हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण ती नेमकी कशामुळे बदलते हे समजलं, तर बागेतल्या निम्म्या फसव्या उपायांवर वेळ जाणार नाही.

निळ्या आणि गुलाबी निदलांतलं रंगद्रव्य एकच आहे, डेल्फिनिडिन गटातलं अँथोसायनिन. फरक पडतो तो ॲल्युमिनियमनं. निदलाच्या पेशीत ॲल्युमिनियम पुरेसं पोचलं की ते या रंगद्रव्याशी आणि त्याच्या सोबतीच्या काही संयुगांशी जोडलं जातं आणि निळा रंग दिसतो. ॲल्युमिनियम नसेल तर गुलाबी. पृथ्वीच्या कवचात सर्वाधिक आढळणारा धातू ॲल्युमिनियमच आहे, तेव्हा बहुतेक बागांच्या मातीत त्याचा तुटवडा नसतो. प्रश्न असतो तो मुळांना ते मिळण्याचा. मातीचा सामू, म्हणजे पीएच, साडेपाचच्या खाली असेल, म्हणजे माती आम्लधर्मी असेल, तर ॲल्युमिनियम पाण्यात विरघळतं आणि मुळं ते शोषतात. सामू साडेसहाच्या वर गेला की ते मातीतच अडकून राहतं. या दोन्हींच्या मध्ये जांभळ्या छटा. शाळेत आम्लात लाल होणारा लिटमस कागद पाहिलेला असतो. इथे गणित उलटं आहे, आम्लधर्मी मातीत फूल निळं होतं.

अझोर्स द्वीपसमूहातल्या फायल बेटाला लोक निळं बेट म्हणतात ते याचमुळे. तिथली ज्वालामुखीची माती आम्लधर्मी आहे आणि शेता-कुरणांच्या बांधावर मैलोन् मैल हायड्रेंजियाची कुंपणं आहेत. या झुडपावरचे दोन रंगही आता कळतील. भिंतीकडची मुळं सिमेंटमधून झिरपणाऱ्या चुन्यात आहेत, त्या बाजूचे गुच्छ गुलाबी आले. पलीकडची मुळं पालापाचोळ्याच्या मातीत आहेत, तिकडचे निळे.

निळा रंग हवा असेल तर आधी सामू तपासा. त्यासाठीच्या पट्ट्या आणि संच सहज मिळतात. सामू खाली आणायला गंधकाची पूड चालते, पण तिला परिणाम दाखवायला महिने लागतात. ॲल्युमिनियम सल्फेट जलद काम करतं, कारण ते माती आम्लधर्मीही करतं आणि ॲल्युमिनियमही देतं. चार लिटर पाण्यात सुमारे १५ ग्रॅम, आणि तेही आधी साध्या पाण्यानं माती ओली करून मगच. कोरड्या मातीत किंवा जास्त प्रमाणात घातलं तर मुळं भाजतात. घरातल्या तुरटीतही ॲल्युमिनियम असतं आणि तिचाही उपयोग होतो, मात्र तीही पातळ करूनच. लावल्यापासून दोन वर्षं होईपर्यंत रोपाला यातलं काहीही देऊ नका.

आणि एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, ॲल्युमिनियमला बांधून टाकतं. म्हणजे एका हातानं तुरटी द्यायची आणि दुसऱ्या हातानं हाडांचा चुरा किंवा फुलांसाठीचं म्हणून मिळणारं भरपूर स्फुरदाचं खत घालायचं, हे एकमेकांच्या विरुद्ध काम आहे. निळ्यासाठी स्फुरद कमी, पालाश (पोटॅशियम) जास्त. गुलाबीसाठी बागेचा चुना थोडा थोडा, आणि स्फुरद चालतं. पण सामू फार चढू देऊ नका. साडेसहाच्या बराच पुढे गेला की झाडाला लोह मिळेनासं होतं, कोवळी पानं पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

कळ्या दिसू लागल्यावर हे उपाय सुरू करणं म्हणजे उशीर. रंग निदलं घडत असतानाच भरतो. म्हणून शरदात किंवा वसंतात नवी पानं फुटताच सुरुवात करावी लागते, आणि जमिनीतल्या झाडाचा रंग पुरता फिरायला एखादा हंगाम जास्तही लागतो. पांढरे वाण निळे होत नाहीत, त्यांच्यात हे रंगद्रव्यच नसतं. वय झालं की त्यांच्यावर गुलाबी किंवा हिरवट झाक येते, तेवढीच. आणि एखाद्या झाडानं तुमच्या मातीत आपणहून छान गुलाबी धरला असेल, तर त्याला तसंच राहू द्यावं असं मला मनापासून वाटतं. दरवर्षी रसायन ओतून टिकवलेला निळा त्या मातीतला पाहुणा असतो.

[दुपार. मान टाकलेली पानं]

दुपारच्या उन्हात पानं अशी मान टाकतात आणि आपण पाण्याचा पाइप घेऊन धावतो. जरा थांबा. पानं एवढी रुंद आहेत की कडक उन्हात बाष्पोत्सर्जनाचा वेग मुळांना झेपत नाही, माती ओली असली तरीही. संध्याकाळी झाड पुन्हा ताठ झालं तर काळजी नाही. आधी बोट मातीत घाला. दोन-तीन इंचांवर ओल असेल तर पाणी नको. रोज दुपारी पाणी ओतत राहिलं की मुळं कुजतात, आणि कुजलेल्या मुळांचं झाडही असंच मान टाकतं. सकाळीही पानांनी मान टाकलेली असेल, तेव्हा मात्र लगेच पाणी द्या.

सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारनंतर सावली, ही मॅक्रोफिलाची आवडती जागा. पॅनिक्युलाटा पूर्ण ऊनही सोसते. पाणी सकाळी, बुंध्याशी, खोलवर. वरून फवारलं तर पानांवर ठिपके पडतात. बुंध्याभोवती दोन-तीन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन, खोडाला न टेकवता. निचरा नसेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे. भुरी, मावा, लाल कोळी हे येतात. हवा खेळती ठेवली आणि रोगट पानं वेळीच काढली तर बहुतेकदा निभावतं. घरात कुत्रा-मांजर किंवा लहान मूल असेल तर लक्षात ठेवा, या झाडाची पानं, कळ्या, फुलं पोटात जाणं विषारी आहे.

[छाट कलम करणारे हात]

नवं रोप करायला फार काही लागत नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला फूल न आलेली कोवळी फांदी निवडा, चार-पाच इंच लांब, आणि पेराच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, जरा खाली कापा. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा आणि तीही अर्धी कापा, म्हणजे पाणी कमी उडेल. ओलसर, मोकळ्या मिश्रणात खोवा, वर पारदर्शक पिशवी, जागा सावलीची. तीन-चार आठवड्यांत हलकेच ओढून पाहा. फांदी हाताला विरोध करू लागली की मुळं धरली. याहून सोपं दाब कलम. जमिनीलगतची फांदी वाकवायची, मातीत पुरायची, वर दगड ठेवायचा आणि मुळं सुटली की आईपासून तोडायची.

असं केलेलं रोप आईच्याच वाणाचं असतं, पण रंग मातीप्रमाणे. शक्य असेल तर दोन करा. एक आम्लधर्मी मिश्रणाच्या कुंडीत, दुसरं चुना मिसळलेल्या कुंडीत. कुंडीतला सामू आपल्या हातात राहतो, जमिनीतला राहत नाही. फक्त नळाचं पाणी जड असेल तर त्यातला चुना कुंडीचा सामू हळूहळू वर नेतो, तेव्हा निळ्या कुंडीसाठी पावसाचं पाणी साठवून ठेवा.