पॅरटचा पोपट

(पडद्यावर काळं टर्मिनल. टेस्टच्या निकालाच्या ओळी सरकतायत: ओके १, ओके २, नॉट ओके ३.)

१ एप्रिल २००१ ला नेटवर बातमी आली की पर्ल आणि पायथन या दोन भाषा एक होणार आणि नव्या भाषेचं नाव असणार पॅरट. सोबत पर्लचा जनक लॅरी वॉल आणि पायथनचा जनक गिडो व्हॅन रॉसम यांची जोडीने मुलाखत, एकदम खरी वाटेल अशी. ज्यांनी तारीख बघितली नाही त्यांचा पोपट झाला, कारण ही पर्लवाल्या सायमन कोझेन्सने रचलेली एप्रिल फूलची गंमत होती. पण त्याच सुमारास पर्लच्या पुढच्या आवृत्तीसाठी, म्हणजे पर्ल ६ साठी, नवीन व्हर्च्युअल मशीन बनवायचं खरंच चाललं होतं, आणि त्या लोकांनी नाव तेच उचललं! सप्टेंबर २००१ मध्ये पहिलं रिलीज आलं, ०.०.१, ओपन सोर्स, सी भाषेत लिहिलेलं.

आता व्हर्च्युअल मशीन म्हटलं की काहींना वाटतं लिनक्सच्या खिडकीत विंडोज चालवतात ते, तर ते वेगळं. इथे तुमचा प्रोग्राम आधी बाइटकोड होतो, म्हणजे मशीनला कळतील अशा छोट्या छोट्या सूचना, आणि तो बाइटकोड चालवतो तो हा प्राणी, जावाचं जेव्हीएम कॉलेजात घोकलंय ना, तसाच. फरक एवढाच की जेव्हीएम स्टॅकवर चालतं, म्हणजे बेरीज करायची तर आकडे ताटांसारखे एकावर एक ठेवा, वरचे दोन उचला, उत्तर परत वर ठेवा. पॅरटने घेतले रजिस्टर, म्हणजे आकडे ठेवायच्या ठरलेल्या जागा. आपला मिसळणाचा डबा असतो तसं, मोहरी कुठल्या वाटीत ते माहीत असतं, बघायची पण गरज नाही. वाट्या चार प्रकारच्या: पूर्णांक, दशांश, स्ट्रिंग, आणि बाकी सगळा संसार चौथ्यात.

स्वप्न मोठं होतं, पर्ल, पायथन, रुबी सगळ्या एकाच मशीनवर चालवायच्या. आर्किटेक्ट डॅन सुगाल्स्कीने २००३ मध्ये गिडोशी पैजच लावली, की वर्षभरात पायथनचे प्रोग्राम पॅरटवर जास्त फास्ट पळतील, आणि हरेल त्याच्या तोंडावर पाय, म्हणजे तो गोड खायचा पाय. २००४ उजाडलं, पॅरट तयारच नव्हतं, डॅन हरला. परत पोपट.

मला मात्र यात सगळ्यात भारी वाटतं ते टेस्टिंग. व्हर्च्युअल मशीनमध्ये सगळ्यात छळतो तो गार्बेज कलेक्टर, म्हणजे मेमरीतला कचरा उचलणारा. एखादं ऑब्जेक्ट आत्ताच जन्माला आलंय, अजून कुठल्या रजिस्टरमध्ये ठेवलेलं नाही, आणि तेवढ्यात हा येतो, बघतो कोणी वाली नाही, टाकतो उचलून. प्रोग्राम क्रॅश होतो, पण तिथे नाही, हजार ओळी पुढे! बघायला म्हणून तुम्ही एक प्रिंट टाकता तर बग गायब, कारण आता कचरागाडीची वेळ बदलली. मग उपाय काय, तर टेस्ट करताना गाडी मुद्दाम सारखी सारखी फिरवायची, म्हणजे लपलेला बग लगेच सापडतो.

आणि सगळं एका माणसाच्या लॅपटॉपवर होत नाही. कोणाकडे पॉवरपीसी प्रोसेसरवाला जुना मॅक, कोणाकडे सोलारिस ऑपरेटिंग सिस्टिम, जो तो आपापल्या मशीनवर टेस्ट चालवून रिपोर्ट पाठवायचा, याला स्मोक टेस्टिंग म्हणायचे. इंटेलवर आकड्याचे बाइट उलट्या क्रमाने ठेवतात, त्या मॅकवर सुलट, त्यामुळे एका मशीनवर केलेला बाइटकोड दुसऱ्यावर वाचताना गडबड ठरलेली, आणि ती घरबसल्या तुम्हाला कळणारच नाही.

मार्च २००९ मध्ये १.० आलं, दर महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी रिलीज हा नेमही पाळला. पण १.० नंतर जुनं काही काढायचं तर आधी नोटीस द्या, थांबा, मग काढा. आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो रकुडो, पर्ल ६ चा कंपायलर, त्याला बदल आज हवे होते. माझ्या मते तिथेच बिनसलं. २०१३ मध्ये रकुडोच्या लोकांनी स्वतःचं व्हर्च्युअल मशीन, मोअरव्हीएम, आणलं, २०१५ मध्ये पॅरटचा सपोर्ट काढला, आणि त्याच वर्षी ख्रिसमसला पर्ल ६ बाहेर आलं ते मोअरव्हीएमवर. पॅरटचं शेवटचं रिलीज फेब्रुवारी २०१६.

टेस्ट मात्र कोणी फेकल्या नाहीत. २००५ मध्ये ऑड्री टँगने हॅस्केल भाषेत पग्ज नावाचं पर्ल ६ लिहायला घेतलं, तेव्हा लोकांनी ढिगाने टेस्ट लिहिल्या, त्याच पुढे रोस्ट नावाने राहिल्या. नियम साधा, या टेस्ट पास करेल तो स्वतःला पर्ल ६ म्हणवू शकतो, खाली मशीन कुठलं का असेना. पग्ज थंडावलं, पॅरट गेलं, २०१९ मध्ये भाषेचं नावसुद्धा बदलून राकू झालं.

(टर्मिनल परत. एक जुनी फाइल उघडते.)

टेस्टच्या डोक्यावर ही कॉमेंट बघा: रकुडो.पॅरट स्किप. म्हणजे पॅरटला हे जमत नाही, त्याला सोडा, बाकीच्यांवर चालवा.

(एंटर दाबल्याचा आवाज. ओके १.)